नकाशा खोलीतली गर्दी

कचेरी नव्या इमारतीत हलवली त्याच्या चौथ्या दिवशी, सकाळी साडेअकरा वाजता, पाणीपुरवठा खात्याच्या नकाशा खोलीतला दिवा आपोआप विझला आणि 'खोली रिकामी आहे' अशी नोंद झाली. खोली रिकामी नव्हती. टेबलामागच्या खुर्चीत एक पूर्ण वाढलेला, चष्मा लावलेला, घरून पोटभर खाऊन आलेला माणूस बसला होता. फक्त तो हलत नव्हता, इतकंच.

या माणसाचं खरं नाव पगारपत्रकात होतं आणि ते तिथेच राहिलं. कचेरीत सगळे त्यांना तंद्रीनाथ म्हणत. शहराच्या पोटातून गेलेल्या नळांचे जुने कागदी नकाशे सांभाळायचे आणि ते कॉम्प्युटरवरच्या नव्या नकाशाशी ताडून पाहायचे, हे त्यांचं काम. उन्हाने शाई उडते म्हणून त्यांच्या खोलीला खिडकी ठेवलेली नव्हती. एखाद्या व्हॉल्व्हवर बोट ठेवलं की तंद्रीनाथ तिथून पाण्याबरोबर निघत आणि मनातल्या मनात चार गल्ल्या फिरून येत. कधीकधी परतायला उशीर व्हायचा. पण कुठला नळ कुठे वळतो हे विचारलं की बरोबर सांगत, त्यामुळे आजवर कुणी त्यांच्या वाटेला गेलं नव्हतं.

बारा वाजता शेजारच्या खोलीतल्या जावकबाई फाइल घेऊन आल्या. टपाल पाठवायचं काम त्यांच्याकडे होतं आणि शांतता त्यांना सोसत नसे. अंधारात त्यांचा पाय खुर्चीला लागला, खुर्ची "अं?" म्हणाली आणि जावकबाई किंचाळल्या. घाबरून त्यांनी हात हवेत फिरवला तसा लख्ख दिवा लागला.

"अहो, तुम्ही आहात होय! अंधारात काय करताय?"

"अंधार होता?" तंद्रीनाथांनी आश्चर्याने विचारलं.

छताला मधोमध उपड्या वाटीसारखं एक पांढरं यंत्र बसवलेलं होतं. इमारतीतल्या प्रत्येक खोलीत तसं एकेक होतं. खोलीत कुणी आहे की नाही हे ते पाहायचं आणि त्याप्रमाणे दिवे, गारवा, लिफ्ट सगळं चालायचं. नुसती इमारतच नाही, सबंध शहरच हुशार झालं होतं. कचरापेट्या भरल्या की आपणहून कळवत. बसच्या थांब्यांना माणसं मोजता येत. रस्त्यावरचे दिवे कुणी आलं की मोठे होत, गेलं की बारीक. ही सगळी माहिती क्लाउडवर जमा होते असं पत्रकात छापलं होतं. तंद्रीनाथांनी ते वाचलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर शहरावरून सावकाश सरकणारा एक ढग आला, आणि त्यात कोण आलं, कोण गेलं, कोण जेवायला बसलं याचे बारीक बारीक थेंब. त्यांना ती कल्पना फार आवडली. हा ढग एक दिवस आपल्याच डोक्यावर फुटेल असं काही त्यांना वाटलं नाही.

पंधरा दिवसांनी साहेबांनी बोलावलं.

"सकाळी नऊ पन्नासला तुम्ही दारावर कार्ड लावता. बरोबर?"

"हो साहेब."

"संध्याकाळी सहाला कार्ड लावून बाहेर पडता."

"हो साहेब."

"मग मधल्या वेळात असता कुठे?"

"खोलीत."

"खोली तर नाही म्हणते." साहेबांनी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. "हे बघा. नकाशा खोली, रोजचा वापर सरासरी अकरा मिनिटं. त्यातली सहा मिनिटं जावकबाई."

"साहेब, मी खोलीत आहे की नाही हे खोलीपेक्षा मला जास्त माहीत असणार ना?"

साहेबांनी यावर प्रामाणिकपणे विचार केला. "तसं म्हणता येत नाही. खोलीकडे आकडे आहेत."

मग त्यांनी नियम वाचून दाखवला. ज्या खोलीचा वापर रोज दोन तासांहून कमी, ती महिनाअखेरीला काढून घ्यायची. नकाशे गुंडाळून तळघरातल्या कपाटात जाणार आणि तंद्रीनाथ तळमजल्यावरच्या तक्रार खिडकीवर.

तक्रार खिडकी त्यांना माहीत होती. मागे एकदा बदलीवर तीन दिवस ते तिथे बसले होते. पहिल्याच दिवशी एक आजीबाई पाणी येत नाही म्हणून सांगायला आल्या. कुठला व्हॉल्व्ह अडकला असेल याचा माग काढत तंद्रीनाथ मनातल्या मनात त्यांच्या गल्लीत पोचलेसुद्धा, पण इकडे आजीबाई वीस मिनिटं काचेशी बोलत राहिल्या. शेवटी त्यांनी तंद्रीनाथांविरुद्धच तक्रार दिली आणि ती लिहून घ्यायचं कामही तंद्रीनाथांनाच करावं लागलं. जिथे दिवसभर माणसं बोलतात आणि दिवसभर ऐकावं लागतं, तिथे आपण आठवडाभरात आजारी पडू याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती.

घरी आल्यावर त्यांनी बायकोला सांगितलं. ती शिवणाच्या मशीनवर बसली होती.

"अगं, ते यंत्र म्हणतंय मी खोलीत नसतोच."

मशीन थांबलं. "पंधरा दिवसांत कळलं त्याला? मला पंचवीस वर्षं लागली."

"चेष्टा नको गं. तक्रार खिडकीवर टाकतायत."

तेव्हा मात्र तिने हातातलं कापड बाजूला ठेवलं. नवरा घरात असून घरात नसतो हा तिचा जुना सल होता. भाजी चिरता चिरता ती काहीबाही सांगत असायची आणि वळून पाहावं तर स्वारी भिंतीकडे बघत कुठल्या कुठे गेलेली. यावरून तिने आदळआपटही केली होती, हसूनही घेतलं होतं. पण आपल्या माणसाला आपण काय वाटेल ते म्हणावं, यंत्राने म्हणू नये, असं तिला त्या क्षणी फार वाटलं.

"दर पाच मिनिटांनी हात हलवायला काय होतं तुम्हाला?"

"लक्षात राहत नाही."

"मोबाइलवर गजर लावा."

गजर लावला. दर पाच मिनिटांनी तो वाजायचा आणि तंद्रीनाथांचं बोट डोक्याला काही न विचारता तो बंद करायचं. तेवढ्या बोटाने छतावरच्या वाटीला काही पटेना. मग बायकोने रंगीत चिंध्यांचं सुंदर भिरभिरं शिवून दिलं. ते घरून आणलेल्या छोट्या पंख्यासमोर लावलं. दिवसभर भन्नाट फिरलं, पण अंधारात.

"अहो, ते नुसतं हलून चालत नाही," जावकबाईंनी दुसऱ्या दिवशी बातमी आणली. यंत्रांची देखभाल करणाऱ्या इंजिनिअर मुलीला त्यांनी चहाच्या वेळी बोलतं केलं होतं. "ऊब पण लागते त्याला. गरम असेल आणि हलत असेल तरच ते माणूस समजतं."

संध्याकाळी तंद्रीनाथांनी हे घरी सांगितलं. बायको लगेच स्टूल घेऊन माळ्यावर चढली आणि धुळीने माखलेलं एक खोकं घेऊन उतरली. त्यात मुलाच्या लहानपणीची खेळण्यातली आगगाडी होती. मुलगा आता मोठा होऊन दूर नोकरीला लागला होता, गाडी राहिली होती. गोल रूळ, हिरवं इंजीन, मागे तीन उघडे डबे. मधल्या डब्यात तिने स्टीलचा ग्लास बसवून पाहिला. तो असा चपखल बसला की दोघंही एकमेकांकडे बघून हसले. ग्लासात भरायचं गरम पाणी लवकर निवू नये म्हणून तिने त्याला लोकरीचं जाकीटही विणलं, वरून तेवढं उघडं ठेवलं.

सोमवारी सकाळी नकाशाच्या टेबलावर रूळ मांडले गेले. टेबलावरच्या नकाशावर जाड काच होती, तिच्या कडेकडेने गाडी धावू लागली. ग्लासातून वाफ निघत होती. जलकुंभाला वळसा घालून, नदीवरून, जुन्या वस्तीच्या डोक्यावरून ती छोटी गाडी वाफ सोडत सबंध शहराला फेऱ्या घालू लागली. छतावरच्या वाटीतला हिरवा ठिपका लुकलुकला. दिवा लागला तो लागलाच. तंद्रीनाथ गाडीकडे बघत बसले आणि दहा मिनिटांत असे हरवले की आजवर तसे कधी हरवले नव्हते. गरम पाणी बदलायचं काम जावकबाईंनी आपणहून अंगावर घेतलं.

आठवडाभर सुखाचा गेला. मग शिपाई चार खुर्च्या घेऊन आला.

"या कुणी मागवल्या?" तंद्रीनाथांनी विचारलं.

"खोलीनेच मागवल्या म्हणे. पाच माणसांची ये-जा आहे ना इथे."

झालं होतं असं, की एकच माणूस न थकता इतका फिरू शकेल हे यंत्राच्या हिशोबात बसत नव्हतं. म्हणून त्याने ती माणसं पाच धरली. पाच माणसांना उकडेल म्हणून गारवा वाढवला. गारव्याने पाणी लवकर निवू लागलं, म्हणून जावकबाई जास्त फेऱ्या मारू लागल्या, तशी माणसं सात झाली. मधल्या मजल्यांवरची मंडळी खोळंबून राहत आणि लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर नकाशा खोलीसाठी तोंड उघडून उभी असे. सात माणसं संध्याकाळी घरी जाणार हे इमारतीने शहराला कळवलं आणि सहा वाजता थांब्यावर एक जादा बस येऊन उभी राहू लागली. तंद्रीनाथ एकटेच तिच्यात चढत. एवढी मोठी रिकामी बस आपल्यासाठी का येते याचं त्यांना नवल वाटे, पण खिडकीपाशी जागा मिळे म्हणून ते फार खोलात गेले नाहीत. त्या खिडकीतून संध्याकाळचं शहर फार छान दिसायचं. ते पुढे जातील तसे रस्त्यावरचे दिवे एकेक करून मोठे होत.

घरी बायकोला ते म्हणाले, "सगळं सुरळीत आहे."

सुरळीत होतं ते महिनाअखेरपर्यंत. त्या दिवशी साहेबांचं पत्र आलं. जावकबाईंनी ते उघड्या तोंडाने वाचलं आणि मग मोठ्याने वाचलं. इमारतीत सर्वांत जास्त वर्दळ नकाशा खोलीत असल्याचं दिसून आलं आहे. नागरिक जिथे आपणहून येतात तिथेच त्यांची सोय व्हावी. सबब उद्यापासून तक्रार खिडकी नकाशा खोलीत हलवण्यात येत आहे.

"म्हणजे तुमचं खाली जायचं वाचलं," जावकबाई म्हणाल्या, "खालचं सगळं वर येतंय."

तंद्रीनाथांचा चेहरा पडला. जावकबाईंनी निमूटपणे ग्लासात गरम पाणी भरून आणलं.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता खिडकी कुठे बसवायची ते बघायला साहेब स्वतः आले. बरोबर लॅपटॉप घेतलेली इंजिनिअर मुलगी होती. साहेबांनी गर्दीतून वाट काढायच्या तयारीने दार उघडलं. आत पाच खुर्च्या, त्यातल्या चार रिकाम्या. पाचवीत तंद्रीनाथ, दूर कुठेतरी नजर लावून. आणि टेबलावर, लोकरीचं जाकीट घातलेला ग्लास घेऊन, नदी ओलांडत असलेली हिरवी आगगाडी.

खोलीत फक्त चाकांचा आवाज येत होता.

"हे," साहेब हळूच म्हणाले, "हे सात जण?"

त्यांनी पुढे होऊन इंजीन उचललं. डबे कलंडले, ग्लास आडवा झाला आणि पाणी काचेवर पसरलं. तंद्रीनाथ दचकून उठले.

"कचेरीची फसवणूक!" साहेब म्हणाले. "खोलीत नसता, आणि असल्याचं दाखवायला खेळणी लावता?"

"मी असतो साहेब. इथेच असतो. बसल्या बसल्या मी हलत नाही, म्हणून त्याला दिसत नाही."

"हलत नाही म्हणजे? जिवंत माणूस हलत नाही?"

"नाही हलत ते," दारातून जावकबाई म्हणाल्या. "मी साक्षीला आहे. एकदा मी त्यांच्यावर जवळजवळ बसणार होते."

इंजिनिअर मुलगी मात्र टक लावून छताकडे बघत होती. "सर, पडताळून बघता येईल. आपण सगळे बाहेर थांबू. काकांना नेहमीसारखं बसू दे. दहा मिनिटांत दिवा विझला तर काका खरं बोलतायत."

"आणि नाही विझला तर आजपासून तक्रार खिडकीवर," साहेब म्हणाले. "इथे नाही. खालीच."

दार लागलं. दाराला चौकोनी काच होती, तिच्यातून तीन चेहरे आत बघत होते. तंद्रीनाथ खुर्चीत बसले, आणि जन्मात पहिल्यांदा त्यांना आपले हात कुठे ठेवायचे असा प्रश्न पडला. आजवर ते कधी मुद्दाम स्वस्थ बसले नव्हते. स्वस्थपणा त्यांना आपोआप यायचा, झोप यावी तसा. आता तो यावा म्हणून ते धडपडू लागले. नाकाला खाज सुटली. गुडघा आपणहून हलू लागला. चष्मा घसरला. एक मिनिट, दोन मिनिटं. दिवा लख्ख. त्यांनी डोळ्यांच्या कोपऱ्यातून दाराकडे पाहिलं तर साहेब घड्याळाकडे बघत होते. तंद्रीनाथांना घाम फुटला आणि तो पुसायला पुन्हा हात हलला.

त्यांना तक्रार खिडकी दिसू लागली, समोरची रांग दिसू लागली. आपली खोली गेली हे त्यांनी मनाशी धरलं. निदान नकाशे ओले राहायला नकोत म्हणून त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि टेबलाकडे वाकले.

काचेवर सांडलेल्या पाण्यातून एक थेंब सुटून निघाला होता. टेबल किंचित कललेलं होतं, त्या उताराने तो सावकाश चालला होता. जलकुंभाजवळून निघाला, मोठ्या नळावर आला, आणि तंद्रीनाथांचा रुमाल हवेतच थांबला. थेंब अगदी बरोबर जुन्या नळाच्या रेघेवरून चालला होता. शाळेखालून गेला, तिथे वर मुलांची धावपळ. पाववाल्याच्या भट्टीखालून गेला, तिथे तो जरासा कोमट झाला. बंद पडलेल्या चित्रपटगृहाखालून, बागेच्या कडेने, उजवीकडच्या बोळात. त्या बोळाच्या टोकाला एक घर होतं. घराच्या मागच्या अंगणात नळ होता, आणि नळाला पाणी कमी येतं म्हणून सव्वीस वर्षांपूर्वी खात्यातला एक नवा कारकून ते तपासायला तिथे गेला होता. एक मुलगी बादली लावून उभी होती. त्याने व्हॉल्व्ह उघडला. पाणी धो धो आलं. उन्हात ते चकाकत होतं, तिच्या हातांवर उडत होतं, आणि कारकून व्हॉल्व्हवर हात ठेवून नुसता बघत राहिला. बादली भरली, वाहू लागली, तिच्या पायांवरून, अंगणातून, त्याच्या बुटांवरून.

"अहो," ती मुलगी हसत ओरडली, "बादली भरली!"

नकाशा खोलीतला दिवा विझला.

बाहेर इंजिनिअर मुलीच्या लॅपटॉपवर ओळ उमटली, 'खोली रिकामी आहे.' तिने ती साहेबांना दाखवली. साहेबांनी काचेला नाक लावून आत पाहिलं. अंधारात चष्म्याची एक काच तेवढी चमकत होती.

"पण तो माणूस आत आहे," साहेब म्हणाले.

"आहे ना सर. आणि यंत्राला दिसत नाहीये." मुलीचा आवाज बारीक झाला. "शहरात अशी चार हजार बसवलीत आम्ही. वाचनालयात, वृद्धाश्रमात. जिथे माणसं गप्प बसून असतात तिथे."

मग साहेबांनी खिशातून पेन काढलं आणि खोली काढून घ्यायचा आणि तक्रार खिडकी वर आणायचा, असे दोन्ही हुकूम खोडले. तक्रार खिडकी खालीच राहिली. मुलीने त्याच दिवशी अर्ज लिहिला, की नवी, जास्त बारीक नजरेची यंत्रं तयार होईपर्यंत त्यांची चाचणी नकाशा खोलीत, काकांवरच घ्यावी, कारण शहरात इतका स्थिर माणूस दुसरा मिळणं कठीण आहे. तंद्रीनाथांनी फक्त बसायचं, आणि मोबाइलवर येईल तो निरोप बरोबर आहे की चूक एवढं कळवायचं.

हे सगळं त्यांना आत जाऊन सांगायचं काम जावकबाईंकडे आलं. त्यांनी दारातच हात हवेत फिरवला. दिवा लागला.

"अहो तंद्रीनाथ, जिंकलात!"

"अं? मी रुमाल शोधत होतो," तंद्रीनाथ म्हणाले. रुमाल त्यांच्या हातात होता.

नवं यंत्र बसलं त्याच्या पहिल्याच सुट्टीला नवराबायको दुपारची तळ्याकाठी जाऊन बसली. पाणी संथ होतं, पलीकडच्या काठावर कुणीतरी सायकल शिकत होतं. बायको मुलाच्या पत्राबद्दल सांगत होती, नव्या शिवणाबद्दल सांगत होती. सांगता सांगता तिने वळून पाहिलं. स्वारी पाण्याकडे बघत केव्हाच निघून गेली होती.

तेवढ्यात बाकावर ठेवलेला मोबाइल वाजला. तंद्रीनाथांनी तो उचलला नाही, म्हणून तिने उचलला. नव्या यंत्राचा निरोप होता. 'नकाशा खोली. एक व्यक्ती उपस्थित.'

सुट्टीच्या दिवशी खोली झाडायला कुणी आलं असेल, हे तिला कळत होतं. तरी ती निरोप दोनदा वाचून स्वतःशीच हसली. खाली दोन चौकोन होते, बरोबर आणि चूक. तिने नवऱ्याच्या चेहऱ्याकडे एकदा नीट पाहिलं आणि 'बरोबर' वर बोट ठेवलं.

मग मात्र तिला राहवेना. इतकी वर्षं कधी विचारलं नव्हतं, ते आज विचारावंसं वाटलं. तिने त्यांच्या डोळ्यांसमोर हात फिरवला. तंद्रीनाथांच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड आला.

"कुठे होतात हो?"

"तुमच्या जुन्या घरी," ते म्हणाले. "मागच्या अंगणात. तू नळावर उभी होतीस."

पंचवीस वर्षं आपण ज्या जागेवर रागावत आलो तिथे आपणच उभ्या होतो, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. पलीकडची सायकल पडली, उठली, पुन्हा चालू लागली. तिने पदराने डोळे टिपले आणि त्यांचा हात धरून जरा हलवला.

"अहो," ती म्हणाली, "बादली भरली."